गॅदरिंगमधलं आमचं आदिवासी नृत्य

नागभीडहून चंद्रपूरच्या कॉलेजात आले तेव्हा सांस्कृतिक मंडळात जायला कला लागते असा माझा समज होता. मंडळाच्या सरांनी फक्त उंची पाहिली. मागच्या रांगेला उंच पोरी हव्या होत्या. तालमीच्या नावाखाली तास बुडवता येत आणि वर समोसा मिळे, त्यामुळे मीही फार चौकशी केली नाही.

गॅदरिंगला जंगल खात्याचे मोठे साहेब येणार म्हणून सरांनी आदिवासी नृत्य ठरवलं. पिसांचे मुकुट आणि प्लास्टिकच्या पानांचे घागरे भाड्याने आले. होस्टेलची माझी रूम पार्टनर एटापल्लीकडची, गोंड. सरांनी तिलाच बोलावलं आणि डोक्यावर एक मुकुट ठेवून पाहिला.

"तुमच्या गावात असंच घालतात ना?"

"नाई सर. आमच्या इथी पोट्टे जीन्स घालून डीजेवर नाचतात."

"ते स्टेजवर शोभत नाई. एखादं गोंडी गाणं तरी दे."

तिने दिलं. आम्ही आठवडाभर अर्थ न कळता घोकलं. तिला अर्थ विचारला तर म्हणे, "निसर्गपूजा आहे." सरांनी निवेदनात लिहिलं, 'वनदेवतेची आळवणी'.

कार्यक्रमात दुसऱ्याच कडव्याला साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. खांदे हलू लागले. सर विंगेतून कुजबुजले, "पहा, साहेब रडून राह्यले!"

मग साहेब भाषणाला उठले. म्हणाले, "माझी निम्मी नोकरी भामरागडात गेली, गोंडी थोडीफार कळते. यात वनदेवता कुठे आली ते काही समजलं नाही. पोट सुटलेल्या मास्तराने शेजाऱ्याचा कोंबडा खाल्ला आणि आता ढेकर दाबून बसला, असं हे गाणं आहे."

हॉल हसून लोळला. सरांचा हात आपोआप शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेला.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावणं आलं. मी सोबतीच्या नावाखाली मजा पाहायला गेले.

"असं काऊन केलं?" सरांनी विचारलं.

"तुम्ही मले पिसं लावायले काऊन सांगितलं?"

सरांनी टेबलावरचा पिसांचा मुकुट उचलून परतीच्या खोक्यात टाकला. म्हणाले, "पुढच्या वर्षी तूच बसव."

पुढच्या वर्षी ती मंडळाची सेक्रेटरी झाली. साध्या साड्यांत, एकमेकींच्या कमरेत हात घालून आम्ही तिच्या गावाकडचा रेला नाच नाचलो. पोरांनी खुर्च्या सरकवून मागे फेर धरला. सरही शिरले, दोनदा कुणाच्या तरी पायावर पाय पडला, पण निघाले नाहीत.

गॅदरिंगचं बक्षीस मात्र मिळालं नाही. परीक्षकांच्या मते आमच्या नाचात 'आदिवासीपण' कमी पडलं.