ओठ दुभंगलेला, तोंडं सुटलेली

“बाळाला क्लेफ्ट लिप आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे वरचा ओठ दुभंगलेला. पाचव्या महिन्यात अ‍ॅनोमली स्कॅन करतात, बाळाच्या अवयवांत काही व्यंग आहे का ते बघायची सोनोग्राफी. त्यात ते दिसलं. हृदय, मेंदू, मणका नीट होता. “टाळूचं आत्ता नक्की सांगता येत नाही. पण ओठ शिवता येतो. मूल चारचौघांसारखं वाढतं.” मला रडू आलं, पण खरं सांगते, धीरही आला.

बाहेर सासूबाई बसल्या होत्या, करमाडहून मुद्दाम आलेल्या. ऐकल्या ऐकल्या म्हणाल्या, “गिराणात काय चिरलं गं तू?”

वेटिंग रूममधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ग्रहणात गरोदर बाईनं चिरलं-कापलं की मुलाचा ओठ फाटतो, ही आपल्याकडची समजूत. पण ग्रहण तर यांनीच माझ्याकडून पाळून घेतलं होतं! पाणी नाही, कूस बदलायची नाही, लघवीलाही जायचं नाही. मी गुमान पडून राहिले होते. तसं म्हणाले तर म्हणतात, “मंग खाजवलं असशील.”

शिसारी आली मला. बाळाची नव्हे, या माणसांची.

मग नातेवाइकांच्या फोनांचा रतीब लागला. “पाडून मोकळी हो, दुसरं व्हईल.” जसा काही ताटलीला पोचा आलाय! आणि माझा नवरा, चांगला शिकलेला, कंपनीत सुपरवायझर. पुढच्या तपासणीला मॅडमना विचारतो, “अजून कायद्यात बसतं का?”

मॅडम म्हणाल्या, “संमती यांची लागते, तुमची नाही.” मग मला विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

“बाळ,” मी म्हणाले.

मुलगा झाला. टाळू शाबूत होती. बारशाला फोटो काढताना सासूबाईंनी त्याच्या तोंडावर दुपटं ओढलं, मी ते काढून टाकलं. चौथ्या महिन्यात ऑपरेशन झालं. आता त्याच सासूबाई त्याला गल्लीभर मिरवतात, “वळखू बी येत नाय” म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

तुमच्यापैकी कुणाचा असा रिपोर्ट आला, तर आधी डॉक्टरांचं ऐका, मग स्वतःचं. बाकीच्यांना बोलू द्या. मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

एक मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशनआधी तो हसला की हसू ओठांत मावायचं नाही, थेट नाकापर्यंत जायचं. आता त्या हसण्याची आठवण येते. ते हसू मी एकटीनंच पाहिलं, बाकी सगळ्यांनी तोंड फिरवलं होतं.