श्रमदानाला सूट नाही

आमच्या कोपरखैरण्याच्या सरकारी वसाहतीत दर रविवारी घरटी एकाने श्रमदान करायचं, असा नियम आहे. तो पाळला जातो केवळ आमच्या सेक्रेटरीमुळे. मी पांघरूण डोक्यावर ओढलं की हा गृहस्थ नेमका माझ्या खिडकीखाली येऊन ओरडतो, "साहेब, कंबर धरली काय? मग झाडू नको, घमेलं घ्या!" सगळी बिल्डिंग ऐकते.

एकदा तळमजल्यावरच्या काकूंसाठी मी त्याच्याशी भांडलो. नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, त्यात गुडघे दुखरे.

"त्यांना तरी सोडा हो!"

"सूट कोनालाच नाय."

माणूस आहे की दगड! तोवर त्याने काकूंचं दार वाजवलंसुद्धा. "मावशी, ही मानसं नुसती कामचोर हायत. लक्ष ठेवायला कोनी नाय. तुमी या." हाताला धरून त्याने त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं.

काकूंनी अंगणभर नजर फिरवली. मग एकदम माझ्यावर कडाडल्या, "अहो, तो गटाराजवळचा कचरा कोण उचलणार? तुमचे तीर्थरूप?"

मी मुकाट्याने वाकलो. आता दर रविवारी माझ्यावर ओरडायला दोघं असतात, आणि काकू त्याच्याही आधी येऊन बसतात.