पाच जणांचा कॉम्प्युटर

माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना आपल्याला काय हवंय हेच ठाऊक नसतं आणि उरलेल्या निम्म्यांना शेजाऱ्याकडे आहे तेच हवं असतं. महिन्याला दोन पत्रं लिहिणारा माणूस सिनेमे बनवायचं यंत्र मागतो. अशा वेळी माझं डोकं फिरतं. दुकानदार असून मी गिऱ्हाईकाला 'एवढं घेऊ नका' म्हणून समजावत बसतो. बायको म्हणते, तुम्ही दुकान नाही, शिकवणी काढायला हवी होती. तिचं फारसं चुकत नाही.

टेलर मास्तर आले ते गळ्यात टेप अडकवूनच. खरं तर त्यांनी दुकान बंद करून तीन वर्षं झाली होती. माझ्यापासून चौथं दुकान त्यांचं. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले, मग सुईत दोरा जाईना म्हणून शटर ओढलं. पुढच्याच वर्षी बायको गेली. एकुलती एक लेक नवरा-मुलांसह दूरदेशी. पण टेप काही गळ्यातून उतरली नव्हती.

आल्या आल्या त्यांनी माझ्या मोठ्या पडद्याला टेप लावली. "सत्तावीस इंच लिहिलंय. हा तर साडेतेवीसच भरतो."

"तिरका मोजतात, मास्तर. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

"असं तिरकं मोजून मी पँट शिवली असती तर लोकांनी मारलं असतं मला."

मी त्यांना बसवलं. कॉम्प्युटरवर करणार काय, म्हणून विचारलं.

"लेकीशी बोलायचं. दर रविवारी. फोनवर तिचं तोंड टिचभर दिसतं, माझ्या डोळ्यांना पुरत नाही."

"मग झालं तर. पडदा मोठा, कॅमेरा बरा, आवाज खणखणीत. बाकीचा साधासुधा चालेल."

"आणि सुट्टीत सगळे आले की?"

मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. नातवाला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ, तोही दोघांनी मिळून खेळायचा. नात चित्रं काढते, तिला त्याची सोय. जावयांना ऑफिसचं काम. लेकीला फोटो ठेवायला जागा. चिठ्ठीत मास्तरांचं स्वतःचं काम सर्वांत खाली होतं, एका ओळीत.

"लेक शेवटची कधी आली होती?" मी विचारलं. असं विचारू नये, कळतं मला, पण जीभ ऐकत नाही.

"तिची आई गेली तेव्हा. चार दिवस."

"मास्तर, मग तुमच्या मापाचा घ्या ना."

"मापाचं तुम्ही मला शिकवू नका. पोरांचे कपडे शिवताना आत दोन बोटं माया ठेवायची. जादा कापड आत दुमडून ठेवलेलं असलं, की पोर वाढलं तरी उसवून सोडता येतं. अंगाबरोबर शिवलं तर सहा महिन्यांत फेकून द्यावं लागतं."

शेवटी मास्तरांना हवा तसा कॉम्प्युटर बांधून दिला.

तो लावायला मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या. खिडकीखाली शिलाई मशीन होतं, ते त्यांनी ओढून कोपऱ्यात नेलं होतं आणि तिथे टेबल मांडलं होतं. टेबलाशी पाच खुर्च्या. त्यातली एक तेवढी बसून बसून झिजलेली. मास्तरांच्या सांगण्यावरून मी कॉम्प्युटरवर पाच नावं घातली, प्रत्येकाला वेगळं चित्र. बटण दाबलं की पडद्यावर पाच गोल यायचे आणि कॉम्प्युटर विचारायचा, कोण बसलंय? मास्तरांना हे फार आवडलं. तीनदा बंद करून चालू करायला लावला.

दुसऱ्याच दिवशी फोन, की कॉम्प्युटर मेला. धावत गेलो. मास्तरांनी त्याला कापडी कव्हर शिवलं होतं, चारी बाजूंनी बंद, कडेला सुरेख पट्टी, आणि ते घालूनच चालवत होते. बिचारं यंत्र उकडून बंद पडलेलं. त्याला हवा लागते म्हटल्यावर मास्तर ओशाळले. मग कात्री घेऊन त्यांनी कव्हराला मागून खिडकी कापली आणि तिच्या कडेने काजं करतात तशी शिलाई घालायला बसले. दोरा मी ओवून दिला.

पहिली सुट्टी आली. मास्तरांनी पडदे धुतले, गाद्या उन्हात घातल्या. नातवाचं कसलं तरी शिबिर निघालं. दुसऱ्या सुट्टीत नातीच्या पोहण्याच्या स्पर्धा होत्या. "पुढच्या वेळी नक्की म्हणालीये," मास्तर मला सांगायचे. मी विचारत नसे, तरी सांगायचे.

मध्ये एकदा कॉम्प्युटर अडखळतो म्हणून पाहायला गेलो. पाचही नावं उघडून तपासली. नातवाच्या नावावर शर्यतीच्या खेळाचे तासच्या तास नोंदलेले. नातीच्या नावावर घर, झाड, सूर्य, अशी सात-आठ चित्रं.

"पोरं येऊन गेली की काय? बोलला नाहीत."

मास्तर टेप बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "आमच्या हिचं शिलाई मशीन होतं ना, तेही मी रोज थोडं फिरवतो. न वापरलेलं यंत्र जाम होतं. तसंच हेही. रोज प्रत्येकाच्या नावावर थोडा थोडा बसतो."

"आणि खेळ? त्याला तर दोघं लागतात."

त्यांनी टेबलावरचे खेळाचे दोन्ही रिमोट दोन मांड्यांवर ठेवून दाखवले. एक डाव्या हाताला, एक उजव्या.

"मग जिंकतं कोण?"

"तोच. माझी गाडी मी जरा हळू घेतो."

मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो. कोणावर काढणार? टेबलामागच्या तारा चांगल्या होत्या, तरी मी त्या सोडवून पुन्हा लावत बसलो.

गेल्या सोमवारी सकाळी मास्तरांनी बोलावून घेतलं. आदल्या दिवशी लेकीने पडद्यावर नवं घर दाखवलं होतं. अगदी खोली न् खोली. ती म्हणाली होती, बाबा, आता सुट्ट्या इथेच जाणार, घर लावायचंय, तुम्हीच या इकडे. मास्तरांच्या हृदयाला विमानाचा लांबचा प्रवास झेपणार नाही, हे ती चार दिवस आली होती तेव्हा डॉक्टरांनी तिच्या समोरच सांगितलेलं.

"मग काय म्हणालात?"

"बरं, येईन म्हटलं. ती खुशीत होती." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ती बाकीची नावं काढून टाका. उगाच जागा अडते."

"जागा ढीगभर आहे, मास्तर. राहू द्या की. काय खायला मागतात ती?" कमी घ्या, कमी घ्या म्हणून कानीकपाळी ओरडणारा मी, त्या दिवशी हे बोलत होतो.

"काढा."

कसं काढायचं ते मी दाखवलं, बटण त्यांनी स्वतः दाबलं. आधी जावई. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारत होता, या व्यक्तीचं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? लेकीच्या नावावर त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मग नात. नातवाशी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "त्याचे पहिले नंबर जातील?"

"जातील."

त्यांनी बटण दाबलं.

मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मास्तर हात उचलून गोल येण्याची वाट पाहत होते. गोल आले नाहीत. पडदा थेट उघडला.

"विचारलं नाही त्याने," मास्तर म्हणाले.

"काय?"

"कोण बसलंय म्हणून. रोज विचारायचा."

"एकच माणूस असला की नाही विचारत, मास्तर."