विश्वंभरकाकांची बोहनी

एके काळी आमच्या झाशीच्या सदर बाजारात सकाळी शटरं वर गेली की दुकानादुकानांतून घंटी वाजायची. देवाची नव्हे, संगणकाची. ती घंटी आमच्या विश्वंभरकाकांची.

काका रेल्वेत. पूर्वज इथे तलवार घेऊन आले, आपण कीबोर्ड घेतला, असं ते ऐटीत सांगत. ड्युटीवरून आल्यावर बसून त्यांनी दुकानदारांसाठी बिलं करायचा प्रोग्राम लिहिला. नाव ‘बोहनी’. पुण्याकडे जिला भवानी म्हणतात ती, दिवसाची पहिली विक्री. ती रोख झाल्याशिवाय त्यात उधारीचं बटण चालायचंच नाही. झाली की घंटी! सकाळी सकाळी सख्खा मेहुणा उधार मागायला आला तरी दुकानदार हात जोडून मोकळा. ‘‘जीजाजी, हम तो दे देते, मशीन नहीं मान रही!’’ त्या बटणाने किती नाती वाचवली म्हणून सांगू!

मग एका बड्या कंपनीचा प्रोग्राम आला, नव्या मशीनबरोबर फुकट. मशीन विकणाऱ्यांना अट एकच: दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम घालून दिलात तर आमचा माल बंद. ‘‘काकाजी, मजबूरी है,’’ म्हणत विक्रेते चहा मात्र आग्रहाने पाजत. काकांचा चहा वाढला आणि घंट्या एकेक करून गप्प झाल्या.

शेवटी उरलं झाशीजवळच्या बबीना गावातलं मुकुलचं भांड्यांचं दुकान. मध्यंतरी त्याचंही जुनं मशीन गेलं. काकांनी स्कूटर काढली, मला मागे बसवलं.

‘‘हे एक टिकलं पाहिजे रे,’’ एवढंच वाटेत बोलले.

नव्या मशीनने ‘बोहनी’ उघडायलाच नकार दिला. प्रोग्राम लिहिणारा म्हणे अनोळखी, धोका संभवतो.

‘‘अनोळखी? मी?’’ काका पडद्यावर खेकसले. ‘‘अरे, या बाजारातली कुत्रीसुद्धा मला ओळखतात, भुंकत नाहीत!’’

सगळे उपाय झाले. मशीन ढिम्म. मुकुल नजर चुकवून झाऱ्या पुसत बसला.

‘‘कंपनीवाला ही चला लो, बेटा,’’ काका म्हणाले. परतताना त्यांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

पुढच्याच सोमवारी सकाळी मी काकांकडे बसलो होतो. त्यांचा फोन वाजला. मुकुल!

‘‘काकाजी, स्पीकर पर हो. फूफाजी कुकर ले जा रहे हैं, कहते हैं पैसे बाद में. नई मशीन तो सबको हाँ कर देती है. बोहनी नहीं हुई अभी. दे दूँ?’’

काका ताडकन उभे राहिले. ‘‘बिलकुल नहीं!’’

‘‘सुन लिया, फूफाजी?’’ मुकुल तिकडे आपल्या आत्याच्या नवऱ्याला म्हणाला. ‘‘हम तो दे देते...’’

तेव्हापासून रोज सकाळी काका फोनपाशी बसतात. पहिली रोख विक्री झाली की मुकुल सांगतो आणि काका देवघरातली घंटा फोनजवळ धरून वाजवतात.

‘‘अहो, पूजा खोळंबलीय,’’ इंदुमतीकाकू आतून ओरडतात. ‘‘आधी देव, मग बबीना!’’

‘‘थांब गं,’’ काका घंटा न सोडता म्हणतात. ‘‘देवाकडे उधारी चालते.’’