प्राचीचं रक्त आणि वहिनीचं माहेर

मागच्या रविवारी मुरगूडला दादाच्या घरी लग्नाच्या सुपारीची तारीख काढायला जमलो होतो... आणि मी भांडून आले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. प्राचीला विचारूनच लिहितेय.

प्राची म्हणजे दादाची लेक. आमची थोरली बहीण अक्का कुरुंदवाडला दिलेली. प्राची पाळण्यात असतानाच अक्कानं तिला आपल्या निखिलसाठी मागून ठेवलेलं. भावाची लेक सून म्हणून आणायची आमच्याकडं रीतच आहे. आणि मोठेपणी दोघांनाही एकमेकं खरोखर आवडत होती.

प्राचीचं हिमोग्लोबिन लहानपणापासून कमी. त्यावरून वहिनीनं काय काय ऐकून घेतलंय... पोरीला नीट खायला घालत नाही, नेसरीकडच्यांचं रक्तच पातळ. नेसरी म्हणजे वहिनीचं माहेर. बिचारीनं बीट, खजूर, कलेजी, लोहाच्या गोळ्या, सगळं केलं. पोरगी कलेजी बघून रडायची, तरी भरवायची.

मध्यंतरी नोकरीच्या मेडिकलसाठी प्राची कोल्हापुरात माझ्याकडं आली. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात लोह भरपूर आहे, भानगड वेगळीच दिसते. पुढच्या तपासणीत निघालं, थॅलेसेमिया मायनर.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, तेव्हा जरा समजावूनच सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे लोह धरणारं हीम आणि ग्लोबिन नावाचं प्रथिन, दोन्ही मिळून. रक्तपेशी तयार होताना भलती हिशोबी असते. हीम कमी पडलं की ग्लोबिन बनवायचं काम ती आपणहून आवरतं घेते... घरात पीठच नसेल तर तवा कशाला तापवायचा! अशा वेळी लोह मिळालं की काम परत सुरू होतं. पण प्राचीच्या पेशीत लोहाला तोटा नाही. ग्लोबिनची एक साखळी बनवायची सूचनाच तिच्यात जन्मापासून कमजोर आहे. तिथं कलेजीची पातेली रिकामी केली तरी वेग वाढत नाही.

तिला त्रास असा काही नाही. ठणठणीत आहे, जरा लवकर दमते एवढंच. पण नवऱ्यातही तेच असलं, तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका असतो मोठ्या थॅलेसेमियाचा. म्हणजे त्या लेकराला जन्मभर दुसऱ्याचं रक्त चढवत राहायचं. डॉक्टरांनी दादा-वहिनीलाही तपासलं. वहिनीत काही निघालं नाही. निघालं ते दादात. आणि अक्का दादाची सख्खी बहीण...

म्हणून रविवारी मी एवढंच म्हणाले, की आधी निखिलचं रक्त तपासा, मग सुपारी फोडा. अक्का उसळलीच.

"माझ्या पोराच्या रक्तात खोट काढतीस व्हय? खोट हाय ती नेसरीची. आमच्या घरात असलं काय न्हाय."

वहिनी चहाचे कप गोळा करत होती. मान खाली घालून गोळा करतच राहिली. मी दादाकडं बघितलं. त्याचा रिपोर्ट कधीच आलेला, त्याला सगळं ठाऊक. आणि हा बाबा मूग गिळून टीव्हीकडं बघत बसलेला! टीव्ही बंद होता.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"अक्का, वहिनीत काहीच नाही," मी म्हणाले. "दादात आहे. आपल्या घरातलं आहे ते. तुझ्यात असेल, माझ्यातही असेल. विचार त्याला."

दादानं होकाराची मान हलवली. तेवढीच. अक्का मलाच म्हणाली, चार माणसांत भावाची अब्रू काढलीस. का गं, इतकी वर्षं वहिनीची चार माणसांतच निघत होती, तेव्हा कुठं गेलेली अब्रू?

तेवढ्यात निखिल उठला. "मावशी, मी उद्या येतो कोल्हापूरला, तपासूनच घेऊ." अक्का त्याला खाली बस म्हणत होती. तो बसला नाही.

बुधवारी रिपोर्ट आला. त्याच्यातही आहे.

लग्न करून पुढं गरोदरपणात तपासण्या करायची वाट असते, डॉक्टरांनी तीही सांगितली. पण दोघं रंकाळ्यावर जाऊन बराच वेळ बोलली आणि लग्नच नको म्हणाली. प्राची घरी येऊन माझ्याजवळ खूप रडली.

अक्कानं माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू दे. बाकीच्यांचे मात्र सारखे फोन... बरं झालं बाई वेळेत कळलं, तू होतीस म्हणून निभावलं. ऐकून आणखी चीड येते. कारण वहिनीला एकाचाही फोन नाही. इतकी वर्षं ज्यांची तोंडं चालत होती, त्यांना आता एक शब्द जड झालाय.

दादाही गप्पच आहे अजून. म्हणून मी इथं लिहिते, सगळ्यांसमोर. वहिनी, तुमच्या हातच्या जेवणात कधीच काही कमी नव्हतं. तुमच्या माहेरच्या रक्तातही नाही. जे आहे ते आमचं आहे.