मोठ्याने सांग

"मोठ्याने सांग. इथं कानात काही चालत नाही."

एचआरचे साहेब असं म्हणाले तेव्हा मी अंबडच्या कंपनीच्या गेटवर उभी होते. मागे पहिल्या पाळीची अख्खी रांग. कोरोनाचं दुसरं वर्ष. कंपनीने फतवा काढला होता, लस नाही तर आत पाऊल नाही. कायम कामगारांना कंपनीने आवारात मांडव घालून लस टोचून दिली. आम्ही कंत्राटी. आम्हाला म्हणाले, तुमचं तुम्ही बघा.

मी बघितलं होतं. सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, गरोदर बाईला लस द्यायचा आदेश अजून नाही, नंतर या. आदेश पुढे आला, पण तेव्हा नव्हता. मग मी काय करायचं होतं? पोट घरी ठेवून यायचं होतं?

आमच्या हरसूल गावाकडे, माझ्या घरात, तिसरा महिना सरेपर्यंत पोटातलं कोणाला सांगत नाहीत. माझं आधीचं एक पडलं होतं, म्हणून या वेळी मी जास्तच जपत होते. फक्त नवऱ्याला माहीत होतं. सासूलाही नाही. म्हणून लस का नाही त्याचं कारण मी गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या ताईच्या कानात सांगितलं. "सर, हिची अडचण आहे," एवढंच ती साहेबांना म्हणाली. बाईमाणूस. तिला कळलं.

साहेबांना कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी मी बोलले.

"साहेब, मला दिवस गेलेत."

"ऐकू नाही आलं."

पुन्हा बोलले. मागे कोणीतरी खी खी हसलं. साहेब म्हणाले, "मग घरी बसायचं ना! गर्दीत कशाला मिरवतेस?"

रडू आलं ते मास्कमध्येच जिरलं. मी घरी आले.

संध्याकाळी सासूचा फोन. रांगेत हरसूलचा एक जण होता, बातमी माझ्याआधी गावाला पोचली होती.

"मला सांगाया तुला तोंड नव्हतं का गं? गेटावरच्या गड्यांना सांगितलंस, मला नाय."

तिने फोन ठेवला. कणीक परातीत तशीच राहिली. तोवर मला वाटत होतं, मीच कुठेतरी चुकले, लस आधी घ्यायला हवी होती, हळू बोलायला नको होतं. त्या फोननंतर ते सगळं गळून पडलं. नुसतं काम काढून घेतलं असतं तर तेही सोसलं असतं. पण माझ्या घरातली गोड बातमी माझ्या सासूच्या आधी चारचौघांत काढून घेणारा हा कोण?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर गेले. ठेकेदाराचा माणूस पुढे आला, अगदी मायेने बोलायला लागला. "ताई, घरच्या अडचणीने सोडते असं सांगून टाक. पोर झालं की बघू आपण." त्यांना मला काढायचं होतं, पण काढलं असं म्हणायचं नव्हतं. गरोदर बाईला त्याच कारणाने काढणं कायद्यात बसत नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

साहेब बाजूलाच उभे होते. मी त्यांच्याकडे वळले.

"मी सोडत नाय. तुम्ही काढताय. तर तुम्हीच बोला, पोटुशी हाय म्हणून काढलं. मोठ्यानं बोला."

"आवाज खाली."

"काल तर वर पाहिजे होता, साहेब."

रांगेत कोणी हसलं नाही. साहेब आत निघून गेले. जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. काम तर गेलंच होतं.

मुलगी झाली. आता अंगणवाडीत जाते. कंपनीवर मी केस केली, ती कोर्टात अजून चालूच आहे. मी जाते, बाकावर बसते, पुढची तारीख घेऊन येते. माझ्या वकीलबाई म्हणतात, लस ऐच्छिक आहे हे सरकारनेच सांगितलं होतं, आणि तुला तर ती मागूनही मिळत नव्हती. कंपनी काय म्हणते? ही बाई गरोदर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, ती स्वतःहून सोडून गेली. अख्ख्या पाळीने ऐकलं होतं. त्यातलं कोणी साक्षीला येत नाही. मी त्यांना बोल लावत नाही, त्यांनाही पोरंबाळं आहेत.

गेल्या तारखेला कंपनीच्या वकिलाने मला व्हरांड्यात बोलावलं. परत कामावर घेतो म्हणाला. अट एकच, आपणहून सोडलं होतं असं कबूल करायचं.

"घे गं," नवरा म्हणाला. "किती हेलपाटे घालशील? दमलीस तू."

दमलेच आहे. लोकांची धुणीभांडी करून हात सोलवटलेत. कंपनीतलं काम मला आजही हवंय, खोटं कशाला बोलू?

तरी मी नाही म्हटलं. मी सोडलं नव्हतं. मला काढलं. पोटात पोर होतं म्हणून काढलं. हे त्यांच्या तोंडून कोर्टात निघेपर्यंत मी जाणार. एकही तारीख चुकवणार नाही.