दाढेला जाळ्याचा काढा

ऐनाच्या सालीचा काढा मी लोखंडी कढईत उकळला. तो मातीच्या मडक्यात उकळायचा होता.

मी तेव्हा ठाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. त्याच आठवड्यात हिरड्याच्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला की काळी शाई कशी होते, ते आठवीच्या वर्गाला करून दाखवलेलं. तुरट सालीला, फळाला लोखंड लागलं की काळं होतं, हे फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ते फक्त मुलांसाठी आहे, असा माझा समज असावा.

मूळ भानगड दाढेची. खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. संक्रांतीची गूळपोळी खाताना तिने अशी काही कळ काढली की पोळी ताटात आणि मी अंगणात. दुसऱ्या दिवशी स्टेशनाजवळच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आकडा घालून पोकळी उकरली आणि म्हणाले, तळ मऊ पडलाय, यात चांदी भरली तरी राहायची नाही, काढून टाकू. एवढं बोलून त्यांनी पकडीकडे हात नेला आणि मी खुर्चीतून उठलो.

उठण्याला कारण होतं. डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या वडिलांनी चाळिशीत अशीच एक दाढ काढू दिली. मग तिच्या शेजारची, मग समोरची. पंचेचाळिशीत त्यांची कवळी रात्रीची काचेच्या पेल्यात झोपू लागली. माणूस आज्ञाधारक. डॉक्टर म्हणाले काढू, की हे तोंड उघडणार. शेंगदाणे खलबत्त्यात कुटून खाताना मी त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि मनाशी ठरवलं होतं, की माझ्या तोंडातलं काहीही कुणाला द्यायचं नाही.

"दाढ माझी आहे. मीच तिला बरी करीन," मी म्हणालो.

डॉक्टर शांतपणे हात धूत होते. "मास्तर, मोडलेलं हाड सांधतं. किडलेला दात नाही सांधत."

"एक महिना द्या."

"घ्या की. महिन्याने गाल धरून याल."

घरी येऊन पहिला प्रयोग केला तो डिंक, काथ आणि लवंगेची पूड यांच्या गोळीचा. पोकळीत दाबून बसवली. छान बसली. दुसऱ्या दिवशी आमटीभाताबरोबर पोटात गेली. गवंडीकाम माझं नव्हे, एवढं त्यातून कळलं.

त्या रविवारी सायकलवरून कोलशेतला गेलो. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटासाठी खाडीतले खेकडे हवे होते आणि तिथल्या एका म्हातारीकडून मी ते नेहमी घेत असे. तिचं घर मासेमारीवर चालायचं. अंगणात तिची सून तांब्याच्या हंड्यात साल उकळत होती, तिचा चार-पाच वर्षांचा पोरगा शेजारी खेळत होता. त्या लालसर काढ्यात सुताची जाळी बुडवून ठेवायची, मग वाळवायची. कशासाठी, मी विचारलं. काढा दिला नाही तर जाळं खाऱ्या पाण्यात महिन्याभरात कुजतं, दिला तर वर्ष काढतं, असं म्हातारीने सांगितलं. साल ऐनाची.

मी खेकडे विसरलो. चामडंही सालीनेच टिकतं. मऊ, कुजणारी वस्तू सालीच्या तुरटपणाने घट्ट होत असेल, तर माझ्या दाढेच्या मऊ तळाने काय घोडं मारलंय? मी म्हातारीला विचारलं, दातांना चालतो का हा काढा? तिने उत्तर म्हणून तोंड उघडलं. साठी उलटलेली बाई, आणि एकही खिंडार नाही. वर खेकड्याची नांगी दाढेखाली घेऊन काडकन फोडून दाखवली. मग हंडा फक्त जाळ्यांसाठी, असं सांगून मूठभर साल माझ्या पिशवीत टाकत बजावलं, "नव्या मडक्यान उकल, मास्तर. दुसरे कश्यान नको." मी हो हो म्हणालो. खाडीकाठच्या बाईने विज्ञानाच्या मास्तराला भांडी शिकवावीत, हे मला त्या दिवशी जरा गमतीचंच वाटलं.

बायको माहेरी कल्याणला गेलेली, आठ दिवसांसाठी. घरात मडकं म्हणजे एकच, पिण्याच्या पाण्याचा माठ. तो चुलीवर चढवला असता तर ती कल्याणहून परतलीच नसती. कढई मात्र मोकळी होती. म्हटलं, उकळणं ते उकळणं. काढा असा काळाकुट्ट उतरला की मला भरून आलं. म्हातारीचा नुसता लालसर होता. माझा किती कडक! सकाळ-संध्याकाळ गुळण्या केल्या, काढ्यात भिजवलेला कापसाचा बोळा रात्रभर दाढेत ठेवला. दाढी तोंड मिटूनच करायची असते, त्यामुळे आरशाने काही कळवलं नाही. सहाव्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावरच्या मुली तोंडावर वह्या धरून बसल्या, तेव्हाही मला वाटलं, धडाच विनोदी असेल.

कळवलं ते बायकोने. दार उघडून मी हसलो, तशी ती पिशवी हातात घेऊनच एक पायरी खाली उतरली. मग तिने थेट स्वयंपाकघरात जाऊन कढई पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "अहो, ही घासली की निघेल. तुमचं काय?"

पण खरी गोष्ट अशी, की ठणका गेला होता. गार पाण्याने कळ येत नव्हती. आता सगळे माझ्या दातांच्या मागे लागले. बायको राखुंडी घेऊन उभी. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, संमेलनाच्या फोटोआधी लिंबाने घासून या, नाहीतर मागच्या रांगेत तोंड मिटून उभे राहा. माझी भीती वेगळीच होती. जे काळेपण काढील ते दाढेत मुरलेली सालही काढील. चारचौघांत हसण्यासाठी दाढ द्यायची? मी हेडमास्तरांना सांगितलं की दात शाळेच्या मालकीचे नाहीत. बायकोला हे सांगण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून तिच्यासमोर फक्त मान हलवली आणि राखुंडी फडताळामागे लपवली. कुंभारवाड्यातून नवं मडकं आणलं आणि उरलेले दिवस काढा रीतसर केला.

फोटोला मी पुढच्या रांगेत बसलो आणि पोटभर हसलो. पुढे त्याची प्रत डोंबिवलीला गेली. काळे दात फोटोत दिसतातच कुठे? वडिलांनी चष्मा लावून बराच वेळ न्याहाळलं आणि समाधानाने म्हणाले, "काढलेस ना सगळे? सुटलास बघ."

महिना भरला त्या दिवशी गाल न धरता डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोंडात पाहिलं आणि दिवा जवळ ओढला. मग आकडा पोकळीच्या तळाला लावून ठोकला. टक टक आवाज आला. पुन्हा ठोकला. मी खुर्चीचे हात घट्ट धरून पकडीवर नजर ठेवून होतो.

"तळ कडक झालाय," ते म्हणाले. "कीड थांबलीय. पण खड्डा भरून आलेला नाही, आणि हे सालीने झालं असं मी म्हणणार नाही. महिनाभर गोड बंद होतं ना? तेही असेल." मी म्हटलं, तुम्ही म्हणू नका, दाढ म्हणते आहे. त्यावर त्यांनी पोकळीत चांदी भरली. पकड जागची हलली नाही. दाढ आजही माझ्याजवळ आहे आणि शेंगदाणे मी आख्खे खातो.

पुढच्याच रविवारी विजयी मुद्रेने कोलशेतला गेलो. म्हातारी अंगणात जाळं सोडवत बसली होती. मी तिच्यापुढे उकिडवा बसून आ केला आणि बोटाने दाढ दाखवली. तिने दाढेकडे पाहिलंच नाही. पुढच्या दातांकडे पाहत विचारलं, कशात उकळलास? मी खरं ते सांगितलं.

जाळ्याची गाठ सोडवून झाल्यावर तिने घरात सुनेला हाक मारली.

"गो, पोराला या मास्तराचे शालेन नको घालू."